फोर्डसन गुऱ्हाळावर गेला

“वहिनी, ह्यो ट्रॅक्टर हाय का नवरदेव?” महिपतीनं सायकल कुंपणाला टेकवली आणि तिथूनच विचारलं. “हळद तेवढी लावायची ऱ्हायली बगा.”

मी चाकावरच्या पत्र्यावर उभी राहून जुन्या धोतराच्या फडक्यानं आमच्या फोर्डसन ट्रॅक्टरचा निळा रंग पुसत होते. आमचे हे खाली लाकडी खोक्यावर बसून डाव्या हातानं मागच्या चाकाला नारंगी रंगाचा आणखी एक हात देत होते. खरं तर त्याची गरज नव्हती. पण उद्या सकाळी ट्रॅक्टर न्यायला ट्रक येणार होता, आणि त्यांना हात थांबवता येत नव्हता.

“उद्या जातोय हा,” मी म्हणाले. “प्रदर्शन झालं की तिथंच राहणार. कॉलेजात जुन्या यंत्रांचं दालन केलंय, तिथं.”

“ऐकलं की. पाटी बी लागणार म्हणं. आण्णांचं नाव घालून, हिंदुराव साळुंखे.” महिपती जवळ आला. नेहमी आला की आधी तंबाखू काढायचा. त्या दिवशी त्याचे हात रिकामे होते, आणि धोतर गुडघ्यापर्यंत रसानं आणि मातीनं माखलं होतं. “आण्णा, एक अडचण झाली.”

यांनी ब्रश डब्यात ठेवला. “बोला.”

“गुऱ्हाळाची मोटर जळली. सकाळधरनं लाइट कमी-जास्त हुती, मी म्हनलं चालंल. आन् धूरच निघाला. कऱ्हाडला न्हेली, त्यो म्हनतो आठवडा लागंल. भाड्याचं इंजिन इस्लामपुरात हाय, ते बी दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चालू. हितं माझा समदा ऊस तोडून पडलाय. तोडकरी गेलं. आन् ऊन तर बगा कसं हाय.”

संक्रांत होऊन गेली होती. सकाळी थंडी आणि दुपारी असं ऊन की तोडलेल्या उसाचं कांडं बघता बघता सुकावं. असा ऊस दोन-तीन दिवस पडला की रस आंबतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ धरत नाही, नुसता चिकटा होतो. हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

“गावात एवढे ट्रॅक्टर आहेत,” हे म्हणाले.

“त्यास्नी पट्टा घालायला जागा कुठं हाय? ती नव्या वानाची. बाजूला पुली आसनारा ह्योच.” महिपतीनं फोर्डसनच्या कुशीतल्या गोल लोखंडी पुलीवर हात ठेवला आणि रंग ओला असेल म्हणून लगेच काढला. “चरक फिरवायचाय फकस्त. नांगराला मागत न्हाई.”

आता या ट्रॅक्टरबद्दल सांगायला हवं. तो माझ्या सासऱ्यांनी घेतलेला. विलायती, रॉकेलवर चालणारा. मी लग्न होऊन तांबवाडीत आले तेव्हा पंचक्रोशीत तो एकटाच होता. पुढं नवे ट्रॅक्टर आले, सासरे गेले आणि हा गोठ्यामागं उभा राहिला. त्याच्या बोनेटमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या.

यांचा धंदा पाण्याच्या इंजिनांचा. कुणाचं विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की यांना बोलावणं यायचं. पान्यांची पेटी सायकलला बांधून जायचे, परत यायचे ते काळे होऊन. मग एका पहाटे यांच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, उजवा हात मात्र कामापुरता परत आला नाही. उचलता यायचा. पण बोटांना गार-गरम कळायचं नाही, आणि धरलेली वस्तू कधी निसटली ते बघितल्याशिवाय समजायचं नाही.

गावानं यांना फार जपलं. लोक यायचे, चहा घ्यायचे, आण्णा तुम्ही आराम करा म्हणायचे. आणि आपलं बिघडलेलं इंजिन बैलगाडीत घालून आमच्या दारावरून कऱ्हाडला न्यायचे. कुणी वाईट बुद्धीनं नाही. आजारी माणसाला त्रास नको म्हणून. हे ओट्यावर बसून गाडीतलं इंजिन ओळखायचे. “जगूचं चाललंय. पिस्टनच असणार,” असं म्हणायचे आणि गाडी वळेपर्यंत बघत राहायचे. महिपती तर यांच्याबरोबर गोट्या खेळलेला. जन्मभर ‘हिंद्या’ म्हणत आला, तोही आजारपणानंतर ‘आण्णा’ म्हणायला लागला, अहो-जाहो करायला लागला.

मग एक दिवस हे गोठ्यामागं गेले आणि त्यांनी कोंबड्या हाकलल्या.

दीड वर्ष लागलं. त्यांचं डोकं, त्यांचा डावा हात आणि माझे दोन हात. मला तोवर पाना आणि पकड यांतला फरक माहीत नव्हता. पुढं झोपेतसुद्धा सांगता आला असता. सगळ्यांत जिकिरीचं काम बेअरिंगचं. या जुन्या इंजिनात बेअरिंग विकत आणून बसवायची सोय नव्हती. पांढरा धातू वितळवून जागेवर ओतायचा, मग तासून घासून इंजिनातल्या फिरत्या दांड्याला बरोबर बसवायचा. धातू आम्ही माझ्या चुलीवर वितळवला. दांड्याला निळा रंग लावायचा, एकदा फिरवून काढायचा. धातूवर जिथं निळा डाग उठेल तिथं जास्त आहे, तेवढंच खरवडायचं. परत रंग, परत फिरवणं. कितीतरी दिवस हेच. खरवडायचे मी, कारण ते काम दोन्ही हातांचं. शेवटी अंगठा फिरवून बघायचं, आणि अंगठा माझाच.

“काय म्हणतो अंगठा?”

“बसलं.”

“नक्की?”

“बसलं म्हणते ना.”

त्यांनी झाकण लावायला सांगितलं. इंजिन पहिल्या दिवशीच चालू झालं. अंगणात गुरगुरत उभं राहिलं. ते बघायला कॉलेजचे शिरगुप्पे सर आले, फिरून फिरून बघितलं, हा आमच्या दालनाला द्या म्हणाले. यांनी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. मला त्या वेळी आनंदच झाला.

तर महिपती उन्हात उभा, आणि हे खाली बघत बसलेले.

“महिपती, रंग नवा आहे,” हे म्हणाले.

“रंग म्या परत देतो. माज्या हातानं.”

“चिपाडाचा धूर, रसाचा चिकटा. उद्या सर येतील.”

“सरास्नी मी सांगतो.”

“तसं नव्हे. हा आता कामाचा राहिला नाही. बघायचा झालाय.”

महिपती म्हणाला, “बगायला गावात देऊळ हाय. मला चरक फिरवायचाय.” आणि एकाएकी त्याचा आवाज चढला. “हिंद्या, लेका, तुझ्या बानं ह्योच ट्रॅक्टर माझ्या बाच्या उसाला जुपला हुता. तवा त्याला कुणी पुसत बसलं न्हवतं. न्हाई म्हनायचं तर न्हाई म्हन. पर रंगाचं कारन सांगू नगो. त्ये पोराबाळांस्नी सांग.”

तो सायकल घेऊन निघाला. कुंपणापाशी थांबून म्हणाला, “वहिनी, रागावू नगा. ऊस उन्हात पडलाय, डोकं ठिकाणावर न्हाई.”

मला राग आला होता तो महिपतीचा नव्हे. मी पत्र्यावरून खाली उतरले.

“असं कसं नाही म्हणालात? कुणी येतंय का आपल्याकडे काही मागायला? आलाय तर—”

“शालन,” ते म्हणाले, “ते बेअरिंग खरंच बसलंय का?”

मला प्रश्नच कळला नाही.

“उजव्या अंगठ्याला काही कळत नाही, आणि डाव्याला ती पारख नाही,” ते म्हणाले. “तू बसलं म्हणालीस, मी झाकण लावायला सांगितलं. रिकामं फिरवलं की कसलंही बेअरिंग फिरतं. चरकावर भार येणार. भार आला आणि आत ठोकायला लागलं, तर सगळा गाव तिथं उभा असणार. आज म्हणतात आण्णा आजारी आहे. मग म्हणतील, आण्णाचं काम संपलं.” त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. “दालनात उभा केला तर कुणी विचारणार नाही. आत काय आहे, काय नाही.”

म्हणजे इतके दिवस ते हे मनात घेऊन रंग देत होते. पुसत होते. मला वाटत होतं कौतुकानं.

मी माझ्या हातांकडं बघितलं. याच हातांनी मी भाकरी थापली होती, जमीन सारवली होती, वाटण वाटलं होतं. पीठ कुठं जाड राहिलंय, पाट्यावरचे टाकीचे घाव कुठं बुजलेत, ते या हातांना बघायला लागत नव्हतं. खरवडताना जिथं धातू उंच होता तिथं मला तो उंच लागला होता. शेवटी कुठंच लागला नव्हता. एवढंच मला ठाऊक होतं, त्यापलीकडं काही नाही.

“बसलंय,” मी म्हणाले. “माझ्या हाताला कळतं. आणि नसेल बसलं तर परत ओतू. चूल काय पळून जात नाही.”

ते हात टेकून खोक्यावरून उठले.

“रॉकेल किती आहे बघ.”

फोर्डसन नदीकडच्या वाटेला लागला तेव्हा लोक घरांतून बाहेर आले. हे चालवत होते, डाव्या हातानं. मी मागं पत्र्यावर बसले होते आणि वळणावर लागलं तर स्टिअरिंग धरायला वाकत होते. दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. मला कसलीच लाज वाटली नाही, फक्त भीती वाटत होती.

महिपती गुऱ्हाळाच्या दारात चिपाडं पसरत होता. त्यानं आम्हाला बघितलं. डोक्याचा पटका सोडून परत बांधला. मग त्यानं ट्रॅक्टरच्या चाकांना दगड लावले, माणसं बोलावली, आणि भला लांब कातडी पट्टा पुलीवर आणि चरकावर चढवला. हे ट्रॅक्टर पुढं-मागं घेऊन पट्टा ताणत होते.

“आता हँडल मार,” हे महिपतीला म्हणाले, पट्टा तपासायला ट्रॅक्टर बंद करून. “आणि अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेव. मूठ वळलीस आणि हँडल उलटं आलं तर मनगट जाईल.”

“मला शिकवतोस व्हय?” महिपती म्हणाला, पण अंगठा बरोबर ठेवला.

इंजिन पेट्रोलवर चालू झालं, तापल्यावर हे त्याला रॉकेलवर घेऊन आले. पट्टा हलला. चरक फिरला. गुळव्या बाबालालनं, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या आमच्या गावच्या कारागिरानं, मोठ्या ऐटीत पहिला ऊस चरकात घातला. ऊस आत जाईना. त्यानं जोर लावला. चरकानं तो ऊस बाबालालच्याच पोटात परत ढकलला.

“आरं, ह्यो तर ऊस वकतोय,” बाबालाल मागं सरत म्हणाला. “उसाला नगंच म्हनतोय ह्यो.”

चरक उलटा फिरत होता. मोटर ज्या बाजूला बसवलेली असायची तिच्या समोरच्या बाजूला आम्ही ट्रॅक्टर उभा केला होता आणि पट्टा सरळ घातला होता. पंचवीस-तीस माणसं आणि कुणाच्या ध्यानात आलं नाही.

“पट्ट्याला पीळ द्या. आठाच्या आकड्यासारखा,” हे वरून म्हणाले आणि हसायला लागले. वाकडं हसू, एका बाजूनं. आजारपणानंतर लोकांपुढं ते हसत नसत, ओठ वाकडा होतो म्हणून. त्या दिवशी त्यांच्या ते लक्षात राहिलं नाही.

“हासतोस काय लेका, माझा गुळव्या मेला असता,” महिपती म्हणाला. त्यालाही हसू आवरत नव्हतं.

पीळ दिला. चरक सुलट फिरला, बाबालालनं लांबूनच ऊस घातला, आणि कडकड करत तो आत गेला. मग दुसरा, मग मोळीच. रसाची धार लागली. आणि इंजिनाचा आवाज बदलला. इतका वेळ भुरभुर चाललं होतं, ते आता छातीतून बोलल्यासारखं जड झालं. भार आला होता.

हे खाली उतरले. एक लांब पाना घेतला, त्याचं एक टोक इंजिनाच्या पोटाला टेकवलं, दुसरं कानाला. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. चिपाडाचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता तरी डोळे मिटत नव्हते.

त्यांनी पाना माझ्याकडं दिला. “ऐक.”

मी कान लावला. मला ठोकणं कसं असतं ते माहीत होतं, आजारपणाआधी यांनी जगूच्या इंजिनात एकदा ऐकवलं होतं. दारावर कुणी सावकाश मूठ आपटावी तसं. तसं काही नव्हतं. आतून एकसारखी घुमणूक येत होती, जात्याची येते तशी.

“नाही ना?” मी विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. एवढंच. मग बाजूला जाऊन उसाच्या मोळीवर बसले, आणि बराच वेळ नदीकडं तोंड करून होते.

काईल म्हणजे गुऱ्हाळातली ती भलीमोठी पसरट कढई. तीत एका वेळी मावणाऱ्या रसाला आमच्याकडं आधण म्हणतात. दिवस मावळायच्या आत पहिलं आधण उतरलं. आमच्याकडची रीत अशी की पहिला गूळ आधी चुलवाणाला, म्हणजे त्या मोठ्या भट्टीला ठेवायचा, मग चरक ज्याच्या जिवावर फिरला त्याला. बैल होते तेव्हा बैलाला देत. मोटर आली तेव्हा ते बंद पडलं, मोटरीला गूळ कुठं द्यायचा? बाबालाल पळसाच्या पानावर ऊन ऊन गूळ घेऊन आला, यांना दिला, मला दिला, आणि उरलेला बोटभर त्यानं फोर्डसनच्या नव्या निळ्या बोनेटला फासला. मी यांच्याकडं बघितलं. ते गूळ खात होते.

सकाळी ट्रक आला. शिरगुप्पे सर आमच्या घरी जाऊन विचारत विचारत गुऱ्हाळावर आले. ट्रॅक्टर पुन्हा पट्ट्याला जुंपलेला, बोनेट काजळीनं काळं, चाकांवर चिपाडांचा भुगा चिकटलेला. सर बघतच राहिले.

“आण्णा, हे काय?”

“सर, आधण चढलंय,” हे म्हणाले. “मध्ये थांबवता येत नाही. रस खराब होतो.”

सर भले माणूस. पोत्यावर बसले. गुऱ्हाळावर आलेल्याला रस दिल्याशिवाय राहत नाहीत, तसा त्यांना दिला, मग काकवी दिली, मग गरम गूळ दिला. ट्रकचा ड्रायव्हर उसाच्या पाल्यावर झोपला. आधण उतरलं तेव्हा सर उठले.

“आता न्यायचा का?”

“अजून माझा निम्मा ऊस पडलाय, सर,” महिपती म्हणाला. “आन् ह्यो बगा, जगू बी रांगंत उभा हाय.”

“पण पाटी रंगवून झालीय. नाव घालून.”

“मग ती हितंच लावा की. गुऱ्हाळाच्या दाराला.”

सर हसले, पण त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. हे त्यांच्यापाशी गेले. “सर, तुम्ही मागितला तेव्हा मला वाटत होतं हा बघण्यापुरताच उरलाय,” ते म्हणाले. “तसं वाटत होतं म्हणून मी हो म्हणालो. रागावू नका.”

सरांनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा ट्रॅक्टरकडं. “रागावत नाही,” ते म्हणाले. “पण कधी थकला तर आधी मला कळवा.”

महिपतीनं त्यांच्या रिकाम्या ट्रकमध्ये गुळाच्या दोन ढेपा ठेवल्या.

फोर्डसन दालनात गेला, पण ते पुष्कळ वर्षांनी, हे गेल्यानंतर. मीच सरांना कळवलं. मी बघायला गेले होते. त्यांनी त्याला पुन्हा निळा रंग दिलाय. छान दिसतो.

महिपतीही आता नाही. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, तशी आपल्यात पद्धत नव्हती. आणि मानले असते तर म्हणाला असता, वहिनी, ऊस माझा हुता, आभार तुमी कशाचं मानताय? खरंच आहे. तो काही आमचं भलं करायला आला नव्हता. त्याची मोटर जळली म्हणून आला होता. बाकी सगळा गाव आमच्यावर दया करत होता, तेव्हा हा एक माणूस येऊन भांडून गेला. आज ऐंशीच्या घरात बसून मागचं आठवते तेव्हा देवाचं नाव घेताना त्याचंही घेते.

जगूचा ऊस संपला आणि आम्ही ट्रॅक्टर घरी आणला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. वरच्या आळीचा म्हादू दारात उभा राहिला, चपला बाहेर काढून.

“आण्णा हायत का? मळ्यातलं इंजिन लई ठोकाय लागलंय.”

“आहेत, पण—” मी म्हणाले. आजारपणापासूनची सवय होती. पुढं काय म्हणायचं ते तोंडात तयार होतं.

आतून यांचा आवाज आला, “कधीपासून ठोकतंय? गार असताना, का तापल्यावर?” आणि म्हादूनं उत्तर द्यायच्या आत, “शालन, धुणं ठेव ते. पेटी घे, आपल्याला जायचंय.”